कॅमेरा, मामा आणि रात्रीचा हायवे

मुंबईच्या उपनगरांत वेगाचा प्रश्न रात्री साडेअकरानंतर सुरू होतो. दिवसभर असतो तो वेग नसण्याचा प्रश्न. सकाळी नऊ वाजता कांदिवलीहून अंधेरीकडे निघालेल्या माणसाला वेगमर्यादेची पाटी दाखवणं ही त्याची चेष्टाच आहे. समतानगरपासून गोरेगावच्या उड्डाणपुलापर्यंत तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असतो, आणि डोक्यावरून मेट्रो निघून जाते ती वेगळीच. पूर्वेलाही तेच. मुलुंडहून घाटकोपरला येणाऱ्याने एलबीएस मार्ग धरावा की पूर्व द्रुतगती मार्ग, याचा काथ्याकूट करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात भांडुप तरी येतं.

रात्री तोच रस्ता पालटतो. पश्चिमेला खेरवाडीपासून दहिसरपर्यंत आणि पूर्वेला शीवपासून मुलुंडच्या नाक्यापर्यंत दोन रुंद, प्रकाशमान, जवळजवळ सरळ पट्टे मोकळे होतात. दिवसा अडवलेली अवजड वाहनं शहरात शिरतात. अंधेरीच्या सीप्झ-एमआयडीसीतून कर्मचाऱ्यांना घरी पोचवणाऱ्या गाड्या निघतात. त्यांच्या चालकाला ठरलेल्या वेळेत फेरी पुरी करायची असते. शनिवारी बाइकवाल्या पोरांच्या शर्यती लागतात. आणि याच वेळी हॉटेलातली पोरं, पाळी संपलेले सुरक्षारक्षक, शेवटची लोकल पकडायला निघालेली माणसं रस्ता ओलांडत असतात. पादचारी पूल असतो, पण तो दोनशे पावलं मागे असतो, आणि बारा तास उभं राहून काम केलेल्या माणसाला तेवढ्या पायऱ्या नको असतात. तो दुभाजकावर चढतो, डावीकडे पाहतो आणि पळतो.

येणाऱ्या गाडीचा वेग ५० आहे की ८०, हे त्याला अंधारात नुसत्या दोन दिव्यांवरून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. मोटारीच्या धडकेचा वेग ताशी ५० किलोमीटरवरून ६५वर गेला की पादचारी मरण्याचा धोका साडेचार पट होतो. मुंबईत रस्त्यावर मरणाऱ्यांत मोटारीतली माणसं थोडी. बहुतेक जण पायी चालणारे, नाहीतर दुचाकीवरचे. त्यामुळे हा पंधरा किलोमीटरचा फरक इथे सगळ्यात महाग पडतो.

तर मग या वेगाला आवरायचं कोणी? खांबावरच्या कॅमेऱ्याने की चौकातल्या पोलिसाने, ज्याला मुंबईकर मामा म्हणतो? गेली दहा वर्षं सरकारी उत्तर एकच आहे: कॅमेरा. ते उत्तर अर्धं बरोबर आहे असं मला वाटतं, आणि उरलेलं अर्धं तपासायचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत.

पोलिसाने काय साधतं, हे मुंबईने एकदा पाहिलं आहे. नोव्हेंबर २००६मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर मध्यरात्रीनंतर एक भरधाव मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली आणि सात जण मेले. त्या खटल्याच्या बातम्या शहर वाचत होतं, तोच जून २००७मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली. दर रात्री नाकाबंदी, हातात श्वास तपासायचं यंत्र. कायदा नवा नव्हता. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५मध्ये आधीच होती. नवं होतं ते एवढंच, की कायदा आता रस्त्यात उभा होता. बायको शेजारी बसलेली असताना गाडी बाजूला घ्यायला लागायची, नळीत फुंकायला लागायचं, गाडी तिथेच सोडून रिक्षाने घरी जायला लागायचं. पुढे न्यायालयात नाव पुकारलं जायचं, काहींना तुरुंगाची हवाही खावी लागली. वकील, डॉक्टर, बँकेतले साहेब, सगळे एकाच बाकावर.

या मोहिमेने मध्यमवर्गीय मुंबईची सवय बदलली. आज लग्नाच्या हॉलवर किंवा ऑफिसच्या पार्टीत 'मी गाडी आणली आहे, मला नको' हे वाक्य सहज ऐकू येतं. रात्रीपुरता ड्रायव्हर बोलावणं हा तर वेगळा धंदाच झाला. दंड किती होता हे कोणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिली ती नाचक्की. शिवाय नाकाबंदी आज जुहूला असेल की चकाल्याला, याचा भरवसा नव्हता.

पण दारू आणि वेग यांत फरक आहे. प्यायलेला माणूस थांबवल्यावरही प्यायलेलाच असतो. वेगाने आलेली गाडी नाकाबंदीपाशी थांबली की वेग संपला, पुरावाही संपला. वेग पकडायचा तर तो धावतानाच मोजायला हवा. म्हणजे यंत्र हवंच. रडार बसवलेली इंटरसेप्टर गाडी किंवा हातातली स्पीड गन घेऊन पोलीस हे करू शकतात, पण मोजणारा पोलीस आणि थांबवणारा पोलीस वेगवेगळे लागतात, मध्ये दोन-चारशे मीटर अंतर लागतं, आणि ८०-९०ने येणाऱ्या गाडीसमोर हात दाखवून उभं राहायची छातीही लागते. बॉनेटवर लटकलेल्या हवालदाराला फरफटत नेल्याच्या चित्रफिती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

२३ ऑगस्ट २०१६ रोजी खारच्या एका पेट्रोल पंपाजवळ वाहतूक शाखेचे हवालदार विलास शिंदे यांनी एका अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवलं. मुलाने भावाला बोलावून घेतलं. भावाने पाठीमागून डोक्यात बांबू घातला. ३१ ऑगस्टला लीलावती रुग्णालयात शिंदे यांचा मृत्यू झाला. रस्त्यात उभं राहून नियम सांगणं हे किती धोक्याचं काम आहे, हे त्या आठवड्यात शहराला कळलं.

त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता, तोच, ऑक्टोबर २०१६मध्ये, शहरभर बसवलेल्या साडेचार हजारांहून अधिक सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं जाळं सुरू झालं. त्याच सुमारास ई-चलनही आलं. कॅमेऱ्यांची मूळ मागणी २६/११च्या हल्ल्यानंतरची, सुरक्षेसाठीची. वाहतुकीचा उपयोग हा त्याचा जोडधंदा. २०१९च्या सुरुवातीला ही पद्धत राज्यभर एक झाली. आश्वासन मोठं होतं: पोलीस आणि वाहनचालक यांची गाठच पडणार नाही, म्हणजे वाद नाही, मारामारी नाही, चिरीमिरी नाही. 'पावती फाडू की मिटवू' हा जो शतकानुशतकांचा वाटावा इतका जुना संवाद आहे, तो बंद होणार होता.

चिरीमिरीचा भाग बऱ्याच अंशी खरा ठरला, हे मान्य करायला हवं. कॅमेरा सकाळी आणि रात्री सारखाच वागतो, आमदाराची गाडी आणि भाजीचा टेम्पो यांचे फोटो सारखेच काढतो. त्याला चहापाणी लागत नाही, तो गणपतीच्या बंदोबस्तावर जात नाही, पावसात भिजून आजारी पडत नाही. पोलीसबळाचा विचार केला तर हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे. उपनगरातल्या एखाद्या वाहतूक चौकीचा दिवस पाहिला की कळतं: सकाळी शाळेच्या बस, मग मेट्रोच्या कामासाठी वळवलेली वाहतूक, दुपारी व्हीआयपी ताफा, संध्याकाळी स्टेशनबाहेरची रिक्षांची झुंबड, जून ते सप्टेंबर भुयारी मार्गात साचलेलं पाणी. नोव्हेंबर २०२२मध्ये अंधेरीचा गोखले पूल बंद झाला, तेव्हा आसपासच्या चौकांतल्या पोलिसांचं वर्षभराचं काम एकाच पुलाने ठरवून टाकलं. या धबडग्यात रात्री एक वाजता विक्रोळीच्या सरळ पट्ट्यावर वेग मोजायला माणूस आणायचा कुठून?

म्हणून वेगाच्या बाबतीत कॅमेऱ्याला पर्याय नाही. जगातला अनुभवही हेच सांगतो. २०१०मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने वेगवेगळ्या देशांतले ३५ अभ्यास एकत्र पाहिले. कॅमेऱ्यांच्या परिसरात मृत्यू किंवा गंभीर इजा होणारे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचं त्यांत दिसलं. फ्रान्सने २००३पासून स्वयंचलित कॅमेरे लावले आणि पुढच्या काही वर्षांत तिथले रस्त्यावरचे मृत्यू झपाट्याने उतरले. याच फ्रान्समध्ये २०१८-१९च्या 'पिवळ्या जाकिटां'च्या आंदोलनात लोकांनी निम्म्याहून अधिक कॅमेरे फोडले किंवा रंगवून आंधळे केले, हेही सांगायला हवं. लोकांना कॅमेरा तिजोरीचा भाऊ वाटू लागला की हे होतं.

जाता जाता एक गंमत. वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याचा जनक मॉरिस गॅटसोनिडेस हा डच माणूस पोलीस नव्हता. तो मोटार शर्यतींचा गडी होता, १९५३ची मॉन्टे कार्लो रॅली त्याने जिंकली होती. वळणावर आपला वेग नेमका किती पडतो हे कळावं, आणि पुढच्या खेपेला अधिक वेगाने जाता यावं, यासाठी त्याने हे यंत्र बनवलं.

आता आपल्याकडचं उरलेलं अर्धं उत्तर. कॅमेरा गाडीचा क्रमांक ओळखतो. चालक कोण, हे त्याला ठाऊक नसतं. क्रमांकावरून मालक, मालकाच्या नोंदीतला मोबाइल, त्यावर संदेश. या साखळीतली प्रत्येक कडी आपल्याकडे कच्ची आहे. गाडी विकली पण नावावरून उतरवली नाही. मोबाइल बदलला पण परिवहन विभागाच्या नोंदीत जुनाच. गाडी कंपनीची आणि चालक रोजंदारीवरचा. आणि ज्याच्या पाटीवर ८०५५चं 'बॉस' किंवा ४१४१चं 'दादा' केलेलं आहे, त्याची पाटी यंत्राने वाचायची कशी? शनिवारी रात्री शर्यतीला निघणारी पोरं तर पाटी दुमडूनच घरून निघतात. उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची झाली, पण जुन्या गाड्यांसाठीची मुदत राज्यात पुन्हा पुन्हा वाढत गेली.

४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघातात मृत्यू झाला. दोघेही मागच्या आसनावर होते, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. देशभर चर्चा झाली ती पट्ट्याची, आणि नोव्हेंबरपासून मुंबईत मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा झाला. तपासातली दुसरी गोष्ट मात्र मागे पडली: त्या गाडीवर वेगमर्यादा ओलांडल्याची सात चलनं २०२०पासून नोंदलेली असल्याचं पोलिसांच्या तपासात पुढे आलं होतं. गाडीची नोंदणी एका कंपनीच्या नावावर होती. म्हणजे कॅमेऱ्याने आपलं काम सात वेळा चोख केलं होतं. पुढे काहीच घडलं नाही, कारण पुढचं काम कॅमेऱ्याचं नव्हतंच.

कायद्यात पुढचं काम लिहिलेलं आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८३खाली हलक्या वाहनाला वेगासाठी १ ते २ हजार आणि मध्यम व अवजड वाहनाला २ ते ४ हजार रुपये दंड आहे. पण त्याहून मोठी गोष्ट कलम २०६च्या चौथ्या पोटकलमात आहे. वेगमर्यादा मोडणाऱ्या चालकाचा परवाना पोलीस अधिकाऱ्याने ताब्यात घ्यावा आणि तो अपात्र ठरवण्यासाठी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवावा, असं तिथे म्हटलं आहे. इथे 'घ्यावा' आहे, 'घेता येईल' नाही. हे काम खांबावरचं यंत्र कधीच करू शकणार नाही. त्याला हात नाहीत. ज्याला दोन हजार रुपये म्हणजे एका रात्रीचं बिल, त्याला परवान्याचीच भीती असते. आणि ज्याचं पोट परवान्यावर चालतं त्या टॅक्सीवाल्याला तर दंडापेक्षा तीच अधिक.

दंडाची भीती तर उरलेलीच नाही. महाराष्ट्रात ई-चलनाने आकारलेल्या दंडातली निम्म्याहून अधिक रक्कम वसूल झालेली नाही. लोक वाट पाहतात ती लोकअदालतीची. ते गैर आहे असं म्हणता येत नाही, कारण सरकारंच ही सवय लावतात. तेलंगणाने २०२२मध्ये दुचाक्यांच्या थकीत चलनांवर ७५ टक्के सूट दिली, कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३मध्ये निम्मा दंड माफ केला आणि रांगा लागल्या. आज वेग, तीन महिन्यांनी संदेश, दोन वर्षांनी सूट: या क्रमात माणूस काय शिकेल? एवढंच, की घाई गाडीची करावी, दंडाची करू नये.

या सगळ्यात मला सर्वांत चुकीची वाटते ती तिसरी पद्धत, जी कॅमेरा आणि पोलीस यांच्या मधोमध जन्मली. चौकात पोलीस असतो, पण तो हात दाखवत नाही. खांबाआड किंवा उड्डाणपुलाच्या सावलीत उभा राहून मोबाइलने गाड्यांच्या पाट्यांचे फोटो काढत असतो. हेल्मेट नाही, सिग्नल मोडला, थांबारेषा ओलांडली, टिपला फोटो. चालकाला त्या क्षणी काही कळत नाही. तो तसाच पुढे जातो, पुढच्या चौकातही तेच करतो. यात कॅमेऱ्याचा निःपक्षपातीपणा नाही, कारण कोणाचा फोटो काढायचा हे माणूसच ठरवतो; आणि पोलिसाचा धाकही नाही, कारण पोलीस दिसतच नाही. दोन्हींच्या उण्या बाजू मात्र एकत्र आल्या. जुलै २०२५च्या सुरुवातीला ई-चलनाच्या जाचाविरुद्ध राज्यातल्या वाहतूकदारांनी संप पुकारला. त्याच महिन्यात, खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलन करू नका, असा आदेश राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाला काढावा लागला. आदेश खासगी मोबाइलपुरता होता. माझं म्हणणं असं की चौकातल्या पोलिसाच्या हातात फोटोचं कुठलंच यंत्र नको. त्याचा हात मोकळा असला तरच तो वर जाईल.

हवालदारांची बाजूही समजून घ्यावी. गाडी अडवली की वाद, वादाची चित्रफीत, चित्रफितीची चौकशी. फोटो काढला की शांतता. खार पेट्रोल पंपाची आठवण अजून पुसलेली नाही. शिवाय दिवसाला किती चलनं केली हे वर मोजलं जातं. किती अपघात टळले हे मोजायला कोणाकडे फूटपट्टी नाही. चलनाला महत्त्व देणारी व्यवस्था चलनंच पिकवणार.

अपघाताच्या आकड्यांबद्दलही सावध राहायला हवं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात देशभरातले १ लाख ६८ हजार ४९१ मृत्यू नोंदले आहेत आणि त्यांतल्या सुमारे ७१ टक्क्यांचं कारण अतिवेग असं दिलं आहे. ज्यांनी पोलीस ठाण्यातल्या अपघाताच्या फिर्यादी वाचल्या आहेत त्यांना या ७१मागचं व्याकरण ठाऊक असेल. 'आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून' हे वाक्य प्रत्येक फिर्यादीत असतंच. गाडी खड्डा चुकवताना वळली असो, दिवा बंद असल्यामुळे पादचारी दिसला नसो, नाहीतर दुभाजकच चुकीच्या जागी असो, वाक्य तेच. वेग मारतो हे खरं, पण प्रत्येक मृत्यू वेगाच्या खात्यात टाकला की महापालिकेचा अभियंता आणि कंत्राटदार मोकळे सुटतात. रस्त्याचा आराखडा किंवा देखभाल सदोष असल्यामुळे अपघाती मृत्यू झाला तर संबंधितांना १ लाखापर्यंत दंड सांगणारं कलम १९८अ त्याच २०१९च्या दुरुस्तीत आहे. वेगाच्या कलमाइतकं ते कोणाला ओळखीचं नाही.

घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता घ्या. अपघातांसाठी हा रस्ता वर्षानुवर्षं बदनाम आहे. त्याच्यावरचा नवा उड्डाणपूल १ ऑगस्ट २०२१ रोजी खुला झाला आणि पहिल्याच दिवसांत दुचाक्या घसरून पडायला लागल्या, इतक्या की दुचाक्यांना पुलावर बंदी घालावी लागली. पावसाने निसरड्या झालेल्या पृष्ठभागाला कॅमेरा काय करणार? किंवा ९ डिसेंबर २०२४ची कुर्ल्याची रात्र आठवा. बेस्टची विजेवरची बस स. गो. बर्वे मार्गावरच्या गर्दीत घुसली, दोन दिवसांतच मृतांचा आकडा सातवर गेला. अशा बसचा चालकाला पुरेसा सराव नव्हता, हे चौकशीत पुढे आलं. तिथे प्रश्न होता प्रशिक्षणाचा, कंत्राटाने बस घेण्याच्या पद्धतीचा, आणि पदपथ नसल्यामुळे रस्त्यावर चालणाऱ्या माणसांचा.

म्हणून उपनगरांसाठी एकच औषध सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. एलबीएस मार्ग, घाटकोपर स्टेशनचा परिसर, अंधेरीचा एस. व्ही. रोड, बोरिवलीचा बाजार या ठिकाणी वेग कमीच असतो; तिथे माणूस मरतो तो झेब्रा पट्टी पुसट असल्यामुळे, सिग्नलला पायी चालणाऱ्यासाठी सहा-सात सेकंद उरल्यामुळे, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकीमुळे. तिथे माणूसच हवा, शिट्टी असलेला आणि दिसणारा. मालाडच्या मीठचौकीला चौकाचीच आखणी बदलली, पादचाऱ्याला मधे थांबायला जागा दिली, वळणं आवळली. असं काम झालेल्या ठिकाणी पोलिसाचंही काम निम्मं होतं.

कॅमेऱ्याची खरी जागा दोन द्रुतगती मार्गांवर आहे, आणि तीही आज लावतात तशी नाही. एका ठिकाणी लावलेल्या कॅमेऱ्याचा तोटा सगळ्यांना पाठ आहे. रोजचा चालक कॅमेऱ्याआधी ब्रेक मारतो, खांब गेला की दाबतो. नकाशाच्या अॅपमधली बाई तर आधीच सांगते. यावर उपाय जुना आहे: दोन ठिकाणी क्रमांक टिपायचा, मधलं अंतर भागिले लागलेला वेळ, म्हणजे सरासरी वेग. इटलीने २००५मध्ये आपल्या महामार्गांवर 'ट्यूटर' नावाने ही पद्धत आणली आणि त्या पट्ट्यांवर पहिल्याच वर्षी मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं. इतकं दूर जायचीही गरज नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४मध्ये सुरू झालेल्या वाहतूक नियंत्रण यंत्रणेत सरासरी वेग मोजायची सोय आहे.

त्या मार्गाची गोष्ट पूर्ण सांगायला हवी, कारण तिचा अर्धाच भाग सांगितला जातो. २०१६मध्ये तिथे १५१ माणसं मेली होती. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि पोलीस यांनी मिळून शून्य मृत्यूचा प्रकल्प हाती घेतला. पुढच्या चार-पाच वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. २०२०च्या टाळेबंदीचा हात त्यात आहे, पण उतार त्याआधीच लागला होता. आणि तेव्हा हे नवे कॅमेरे नव्हते. कठड्यांची उघडी टोकं झाकली गेली, पुलांचे खांब सुरक्षित केले गेले, रस्त्यात उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर लक्ष ठेवलं गेलं, गस्त वाढली, रुग्णवाहिका लवकर पोचू लागल्या. कॅमेरे आले ते या पायावर. उपनगरांत आपण पाया न घालता कळस चढवू पाहतो आहोत.

पोलिसांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा प्रयोग मला आपल्याला सर्वांत जवळचा वाटतो. त्यांनाही माणसं अपुरी होती. १९९१पासून त्यांनी रस्त्यांचे तुकडे पाडले आणि आज कुठल्या तुकड्यावर, कुठल्या वेळी पोलीस गाडी उभी करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. गाडी दोन तास नुसती दिसेल अशी उभी. जागा ठाणेदार निवडत नाही, त्यामुळे सवय लागत नाही, आणि चालकालाही अंदाज येत नाही. या प्रयोगाच्या अभ्यासात जीवघेणे अपघात ३१ टक्क्यांनी घटल्याचं निघालं. आपल्याकडे नाकाबंदीच्या जागा एव्हाना परिसरातल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप गटांना पोलिसांच्या आधी ठाऊक असतात. २००७ची नाचक्की आज उरली नाही, याचं एक कारण हे आहे.

मुंबईतली परिस्थिती निराशाजनक नाही, हेही लिहून ठेवतो. २०१५च्या सुमाराला शहरात वर्षाला सहाशेच्या आसपास माणसं रस्त्यावर मरत होती; २०२०नंतर तो आकडा चारशेच्या खाली उतरला. श्रेय कोणा एकाला देता येत नाही. हेल्मेटची सक्ती, सुधारलेले चौक, कॅमेरे, आणि खरं सांगायचं तर मेट्रोच्या खोदकामाने आलेली कोंडीसुद्धा, सगळ्यांचा वाटा असेल. कोंडी मात्र आता सुटत जाणार आहे. ऑक्टोबर २०२४पासून दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. किनारी मार्ग आणि अटल सेतूने शहरातल्या चालकाच्या पायाला ८० आणि १००ची चटक लावली आहे. तोच पाय रात्री घरी येताना बोरिवलीच्या उड्डाणपुलावरून उतरतो.

करायचं काय, ते मी तरी असं मांडेन. दोन्ही द्रुतगती मार्गांवर रात्री अकरा ते पहाटे पाच सरासरी वेग मोजावा, आणि त्याच्या पाट्या ठळक लावाव्यात; ऑगस्ट २०२१च्या केंद्रीय नियम १६७अ नुसार इशाऱ्याची पाटी आणि यंत्राचं दरवर्षीचं प्रमाणपत्र बंधनकारकच आहे. सूचना पंधरा दिवसांत पाठवली गेली पाहिजे, हेही त्याच नियमात आहे. एखाद्या गाडीचं वेगाचं तिसरं चलन झालं की तो क्रमांक नाकाबंदीवरच्या पोलिसाकडे जावा, त्याने ती गाडी थांबवावी, परवाना घ्यावा आणि कलम २०६खाली पाठवावा. लोकअदालतीत वेगाच्या चलनाला सूट नको. चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्याला हवी तर द्या. चौकातल्या पोलिसाच्या हातातलं फोटोचं काम काढून घ्या.

यासाठी नवा कायदा लागत नाही. रस्त्यांवर यंत्रांनी नजर ठेवायला सांगणारं कलम १३६अ २०१९पासून पुस्तकात आहे, आणि ते अमलात आणा असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये राज्यांना बजावलं आहे. दोन्ही महामार्ग नोव्हेंबर २०२२पासून महापालिकेच्या ताब्यात आहेत, त्यामुळे हा रस्ता आमचा नाही हे उत्तरही आता चालणार नाही. तुमच्या प्रभागातला उमेदवार मत मागायला दारात येईल, तेव्हा गटार आणि पाण्याच्या जोडीला एवढं विचारा: आपल्या भागातून जाणाऱ्या महामार्गावर गेल्या वर्षी रात्री किती माणसं मेली, आणि वेगासाठी किती परवाने गेले?